चीनला मेट्रो झपाट्याने बांधता येते, मग पाश्चात्य देशांचं घोडं अडतं कुठे?

विचारणारे स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: शांघायमध्ये पहिली मेट्रो १९९३ मध्ये धावली आणि आज तिथलं जाळं ८०० किलोमीटरच्या पुढे गेलं आहे. न्यूयॉर्कला सेकंड अव्हेन्यूखाली तीन नवी स्थानकं उघडायला दहा वर्षं लागली. चीनमध्ये विरोध करायची सोय नाही आणि मजूर स्वस्त आहेत, एवढंच याचं कारण आहे, की पाश्चात्य देश मेट्रो बांधायचं विसरले आहेत?

मी गेली बावीस वर्षं भुयारी स्थानकांच्या कामावर आहे. त्यातली दोन लंडनमध्ये एका सल्लागार कंपनीत आराखडे तपासण्यात गेली, आणि कामानिमित्त चीनमधल्या ग्वांगझौ आणि चेंगदू शहरांतली काही कामं जवळून पाहायला मिळाली. त्या अनुभवावरून आणि या विषयावर जे वाचलं आहे त्यावरून उत्तर देतो.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न गुंतले आहेत. मेट्रो लवकर कशी बांधून होते, हा एक. बांधलेली मेट्रो शहराच्या किती कामी येते, हा दुसरा. पहिल्यात चीन जिंकतो म्हणून दुसऱ्यातही जिंकतोच असं धरून चाललं की पुढचा सगळा हिशेब चुकतो. शिवाय ‘पाश्चात्य देश’ हे काही एक गाव नव्हे. न्यूयॉर्क आणि माद्रिद यांच्या खर्चातला फरक हा माद्रिद आणि शांघाय यांच्यातल्या फरकाहून कितीतरी मोठा आहे. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तिथेच दिसतं.

आधी किलोमीटरबद्दल. लंडनची भुयारी रेल्वे १८६३ ची, तिचे मार्ग आज सुमारे ४०० किलोमीटर. पॅरिसची मेट्रो तर त्याहूनही छोटी. म्हणून शांघाय दोघांच्या कितीतरी पुढे असं वाटतं. पण पॅरिसच्या उपनगरांना जोडणाऱ्या आरईआर आणि ट्रान्सिलियनच्या गाड्या हजार किलोमीटरहून जास्त लांबीच्या रुळांवर धावतात, आणि लंडनच्या दक्षिण भागात भुयारी मार्ग कमी असण्याचं कारण म्हणजे तिथे जुन्या उपनगरी रेल्वेचं दाट जाळं आधीपासून आहे. आपली मुंबईची लोकल जे काम करते तेच. चिनी शहरांत हा प्रकार फारच थोडा आहे. राष्ट्रीय रेल्वे लांब पल्ल्याच्या गाड्यांत गुंतलेली आणि शहराचा कारभार वेगळा, त्यामुळे उपनगरापर्यंत जायचं ओझंही मेट्रोवरच पडलं. म्हणून नुसती लांबी तोलू नका, माणूस घरातून निघून कामावर किती वेळात पोचतो ते तोला.

आता बांधकाम. न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यू मार्गाची कल्पना १९२० च्या दशकातली. १९७२ मध्ये काम सुरू झालं आणि १९७५ मध्ये शहराची तिजोरी रिकामी झाल्यावर थांबलं. पुन्हा सुरुवात झाली ती २००७ मध्ये, आणि १ जानेवारी २०१७ ला जेमतेम तीन किलोमीटरचा टप्पा उघडला. खर्च सुमारे ४.४५ अब्ज डॉलर, म्हणजे किलोमीटरमागे दीड अब्जाच्या आसपास. याच दहा वर्षांत शांघायने ४०० किलोमीटरहून जास्त मार्ग जोडले.

पण पैसे गेले कुठे? भुयारात नाही. तिथे खोदाईला १९७० च्या दशकातलं एक जुनं यंत्र दुरुस्त करून लावलं होतं आणि त्याने आपलं काम नीट केलं. पैसे गेले स्थानकांत. फलाटाची लांबी साधारण १८५ मीटर, पण स्थानकासाठी कोरलेली पोकळी त्याच्या दुपटीच्या घरात. विजेची खोली, पंखे, सिग्नल, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, आणि त्याही प्रत्येक विभागाला वेगळ्या. दोन स्थानकं तर वरून रस्ता न उघडता खडकात आतून कोरली. भुयारी कामाचा एक साधा नियम आहे: स्थानकाचा प्रत्येक घनमीटर आधी खोदावा लागतो, मग त्याला आधार द्यावा लागतो, पाणी अडवावं लागतं, आणि शेवटी हवा-वीज पुरवावी लागते. त्यामुळे कागदावर एक जादा खोली आखणं कोणालाच जड जात नाही, आणि खाली तिचं बिल चौपट होऊन येतं.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या एका गटाने अनेक देशांतल्या मेट्रोंचा खर्च शेजारी ठेवून पाहिला आहे. त्यांनाही हेच दिसलं: गरजेपेक्षा मोठी स्थानकं, प्रत्येक ठिकाणी वेगळा आराखडा, जास्त मनुष्यबळ, आणि निर्णय घेणाऱ्या सरकारी संस्थेत जाणकार माणसं न उरल्याने सल्लागारांवर सल्लागार. मजुरी महाग हे कारण पुरत नाही, कारण स्टॉकहोममध्ये मजुरी काही स्वस्त नाही आणि तरीही तिथली कामं न्यूयॉर्कच्या कितीतरी कमी खर्चात होतात.

माद्रिदचं उदाहरण मी प्रत्येक नव्या अभियंत्याला सांगतो. १९९५ ते २००३ या काळात, प्रादेशिक सरकारच्या दोन कारकिर्दींत, त्या शहराने शंभराहून जास्त किलोमीटर मेट्रो बांधली. त्यात दक्षिणेकडच्या उपनगरांना गुंफणारा ४१ किलोमीटरचा मेट्रोसूर हा वर्तुळाकार मार्ग २००३ मध्ये उघडला, आणि त्याला चार वर्षंही लागली नाहीत. स्पेन लोकशाही देश आहे. निवडणुका होतात, संघटना आहेत, न्यायालयं आहेत, युरोपीय संघाचे नियम आहेत. तरीही किलोमीटरमागचा खर्च चीनपेक्षाही कमी राहिला. तिथल्या कामाचे सूत्रधार मानुएल मेलिस हे स्वतः अभियंते. त्यांनी मोजक्या अनुभवी अभियंत्यांचा गट हाताशी ठेवला आणि साइटवर उभं राहून निर्णय घ्यायचा अधिकार त्यांना दिला. स्थानकं शक्य तिथे उथळ, वरून खोदलेली आणि एकाच नमुन्याची. कंत्राट देताना फक्त कमी किंमत पाहिली नाही. भुयाराची यंत्रं चोवीस तास चालली.

निर्णय साइटवर होणं किती महत्त्वाचं असतं ते स्वतःच्या अनुभवातून सांगतो. एका शहरात स्थानकाची डी-वॉल (खोदाईआधी जमिनीत उतरवलेली काँक्रीटची भिंत) घालताना कोणत्याही नकाशावर नसलेली विटांची जुनी पावसाळी गटार लागली. वाट दोनपैकी एक होती: गटार वळवायची, किंवा भिंत दीड मीटर आत घ्यायची. दोन्ही जमण्यासारखं होतं. पण मालक संस्थेत, म्हणजे काम करवून घेणाऱ्या सरकारी संस्थेत, हे ठरवू शकेल असा माणूसच नव्हता. पत्र सल्लागाराकडे गेलं, तिथून आराखडा बनवणाऱ्यांकडे, तिथून पडताळणी करणाऱ्यांकडे, मग पालिकेकडे. सात आठवडे क्रेन उभी होती, भाडं चालू होतं आणि वर रस्त्यावर बॅरिकेड तसेच. अशा घटना एका स्थानकाच्या कामात दहा-पंधरा तरी होतात. त्यांची बेरीज केलीत की वर्षं कुठे जातात ते समजतं.

चीनमध्ये मला याच्या उलटं दिसलं. ग्वांगझौमध्ये एका स्थानकावर भेटलेला साइट अभियंता वयाने तिशीतला होता आणि ते त्याचं नववं स्थानक होतं. आठ वेळा तोच साचा: दोन मजली खोका, वर तिकिटाचा मजला, खाली मध्ये फलाट, लांबी दोनशे मीटरच्या आसपास, भुयाराचा बाहेरचा व्यास साधारण सहा मीटर. गाड्यांचेही ए आणि बी असे ठरलेले प्रकार, ए तीन मीटर रुंद आणि बी २.८ मीटर. त्यामुळे सेगमेंटचे (भुयाराला आतून लावायच्या काँक्रीटच्या तुकड्यांचे) साचे, गाडीचे डबे, फलाटाचे दरवाजे, सगळं पुढच्या मार्गावर आणि पुढच्या शहरातही चालतं. आराखडा करणारी संस्था एक मार्ग संपवून दुसरा हाती घेते, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही.

मात्र हे आभाळातून पडलेलं नाही, आणि तुमच्यासारख्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. शांघायची पहिली मेट्रो जर्मन कर्जावर आणि जर्मन गाड्यांवर उभी राहिली. आयात इतकी महाग पडू लागली की १९९५ मध्ये केंद्र सरकारने नव्या मेट्रोंना परवानगी देणंच थांबवलं. १९९९ च्या सुमारास दार पुन्हा उघडलं ते अटीसह: किमान ७० टक्के सामग्री देशी हवी. २००३ मध्ये मेट्रो बांधू पाहणाऱ्या शहरांसाठी किमान उंबरठा ठरला: शहरी लोकसंख्या ३० लाख, शहराचं उत्पन्न १०० अब्ज युआन, पालिकेचा महसूल १० अब्ज, आणि गर्दीच्या तासाला एका दिशेने ३०,००० प्रवासी. भुयार खोदणारी यंत्रंही आधी बाहेरून येत. २००८ च्या सुमारास ती देशातच बनू लागली आणि पुढे चीन ती बाहेर विकू लागला. आपल्याकडेही याचे धागे आहेत. मुंबईच्या वर्सोवा–घाटकोपर मेट्रोचे डबे नानजिंगमध्ये बनले, नागपूर मेट्रोचे डालियनमध्ये.

म्हणजे चीनच्या वेगामागे तीस वर्षं न तुटलेली कामांची साखळी आहे. न्यूयॉर्कमध्ये दोन मोठ्या कामांमध्ये एक पिढी निवृत्त होते. नवीन माणसं पुन्हा अ, आ, ई पासून सुरू करतात, आणि धोका नको म्हणून सगळंच जाडजूड आखतात.

लंडनच्या पोटातून पूर्व-पश्चिम जाणाऱ्या एलिझाबेथ लाइन या रेल्वेमार्गाचं उदाहरण मला फार लागतं, कारण तिथल्या अभियंत्यांची गुणवत्ता मी जवळून पाहिली आहे. ४२ किलोमीटरची भुयारं २०१५ मध्ये खोदून पूर्ण झाली. मार्ग डिसेंबर २०१८ मध्ये उघडायचा होता, तो उघडला २४ मे २०२२ ला. उशीर मातीत नव्हता, सॉफ्टवेअरमध्ये होता. नवं भुयार, पश्चिमेचे रूळ आणि पूर्वेचे रूळ अशा तीन भागांत तीन वेगळ्या सिग्नल यंत्रणा, आणि एकाच गाडीने तिन्ही भाषा बोलायच्या. शिवाय मधली स्थानकं वेगवेगळ्या कंत्राटदारांनी वेगवेगळ्या पद्धतीने उभारलेली. चिनी मार्ग बहुतेक वेळा बंदिस्त असतो, आपल्याच रुळांवर आपलीच गाडी, त्यामुळे ही अडचण तिथे येतच नाही. पण लंडनने ती अडचण अंगावर घेतली म्हणून पश्चिमेच्या रेडिंग गावाहून निघालेला माणूस गाडी न बदलता शहराच्या पोटात उतरतो. इथे कोण पुढे आणि कोण मागे हे तुम्ही काय मोजता त्यावर ठरेल.

आता जमीन आणि विरोध. चीनमध्ये शहरी जमीन सरकारी मालकीची असते, लोकांकडे वापराचा हक्क असतो. त्यामुळे भूसंपादन लवकर होतं हे खरं, आणि हलवल्या गेलेल्या कुटुंबांना नको म्हणण्याची मुभा फार थोडी असते हेही खरं. पण आवाज उठतच नाही असं समजू नका. शांघायची चुंबकीय रेल्वे पुढे वाढवण्याच्या बेताला २००८ च्या सुरुवातीला मार्गालगतच्या रहिवाशांनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि तो बेत बारगळला. पाश्चात्य देशांत सुनावण्या, पर्यावरण अहवाल आणि खटले यांत वर्षं जातात. त्यातली काही वर्षं मला योग्य वाटतात. माझ्या घराखालून भुयार जाणार असेल तर मला विचारलंच पाहिजे. हरकत इतकीच की सुनावणी आराखडा ठरण्याआधी व्हावी. काम चालू असताना प्रत्येक झाडामागे नवा करार करत बसलं तर रहिवाशालाही न्याय मिळत नाही आणि कामही होत नाही.

पैशाबाबत मी सावध बोलतो, कारण हे शहरागणिक बदलतं. चिनी पालिका जमिनीचे वापरहक्क विकून आणि आपल्या कंपन्यांमार्फत कर्ज काढून मेट्रो बांधत आल्या. जमिनीचे भाव चढे असेपर्यंत हे छान चाललं. २०१७ मध्ये बाओटो शहराचं सुरू झालेलं मेट्रोचं काम केंद्राने थांबवलं आणि २०१८ मध्ये उंबरठा तिप्पट केला: उत्पन्न ३०० अब्ज, महसूल ३० अब्ज. मग घरबांधणीचा बाजार कोसळला. शेन्झेन मेट्रो ही कंपनी वान्के या बांधकाम कंपनीची सर्वात मोठी भागधारक. २०२४ मध्ये शेन्झेन मेट्रोने ३० अब्ज युआनपेक्षा जास्त तोटा दाखवला. ज्या जमिनीने मेट्रो उभारली तिच्यातच ती अडकली. उलट पॅरिस परिसरात १९७१ पासून कंपन्यांकडून पगाराच्या प्रमाणात वाहतूक कर घेतला जातो, आणि लंडनमध्ये एलिझाबेथ लाइनसाठी २०१० पासून मोठ्या व्यावसायिक जागांवर अधिभार लावला गेला. रक्कम लहान दिसते, पण दरवर्षी येत राहते.

चीनच्या वेगाची आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १५ नोव्हेंबर २००८ ला हांगझौमध्ये मेट्रो स्थानकाचा खोल खड्डा कोसळला आणि २१ माणसं गेली. खोल खोदाईत प्रत्येक टप्प्यावर आडव्या आधारांची रांग बसल्याशिवाय पुढची माती काढायची नसते. तारीख गाठायची घाई झाली की पहिला बळी याच शिस्तीचा जातो. २० जुलै २०२१ ला झेंगझौमध्ये अतिवृष्टीचं पाणी पाचव्या मार्गाच्या भुयारात शिरलं आणि १४ प्रवासी गेले. तो मार्ग जेमतेम दोन वर्षं जुना होता. पावसाळ्याच्या प्रदेशात काम करणाऱ्या प्रत्येकाने ही घटना अभ्यासायला हवी: पाणी कुठून शिरलं, आणि गाड्या थांबवण्याचा निर्णय किती उशिरा झाला.

राहता राहिला वापर. चिनी स्थानकं स्वच्छ, गाड्या वक्तशीर, मोठ्या शहरांत गर्दीच्या वेळी दोन-तीन मिनिटांना गाडी. पण रस्ते आठ-दहा पदरी, इमारतींचे गट अवाढव्य, दोन स्थानकांत दीड-दोन किलोमीटर अंतर, दारात सामानाची तपासणी, आणि गाडी बदलताना लांबच लांब चाल. वीस मिनिटांच्या प्रवासाला पंधरा मिनिटं पायपीट जोडली जाते. पॅरिसमध्ये दर पाचशे-सहाशे मीटरवर स्थानक आहे. मध्यम आकाराच्या शहरांत तर युरोपचा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. फ्रान्समधल्या नांतने १९८५ मध्ये, ग्रेनोबलने १९८७ मध्ये ट्राम पुन्हा आणली, रस्त्यावरच, भुयाराच्या खर्चाच्या लहानशा अंशात. तिकीट मात्र बस, ट्राम, रेल्वे सगळ्यांना एकच. जर्मनीतल्या हांबुर्गने तर एका तिकिटासाठी वाहतूक संस्थांचा संघ १९६५ मध्येच स्थापन केला.

तर तुमच्या मूळ प्रश्नाला: विरोध दाबता येतो म्हणून चीनचं काम लवकर होतं, हे अर्धवट उत्तर आहे. त्याने भूसंपादनाची काही वर्षं वाचतात. बाकीचा वेग पुनरावृत्तीतून, एका नमुन्यातून आणि मालक संस्थेत टिकलेल्या जाणकारांतून येतो, आणि हे तिन्ही माद्रिदने निवडणुका लढवत करून दाखवलं.

प्रकल्पासाठी विषय शोधत आहात असंही तुम्ही लिहिलं आहे. संपूर्ण मेट्रोची तुलना करू नका, हाती काही लागणार नाही. दोन देशांतली दोन स्थानकं घ्या, आराखडे उपलब्ध असतील अशी. फलाटाची लांबी, खोक्याची लांबी, खोली, खोदलेले घनमीटर, आणि प्रवाशाच्या वाट्याला न येणाऱ्या जागेचं प्रमाण एवढं तक्त्यात मांडा. मग त्या जादा खोल्या कोणी मागितल्या आणि त्या मागणीला ‘नको’ म्हणायचा अधिकार कोणाकडे होता, हे शोधा. तक्ता झाला की इथेच टाका, मी आकडे तपासून देईन.